बोर्ड : पाटी, परीक्षा, जेवण आणि जहाज, सगळं एकाच शब्दात कसं?

शहापूरकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात असलेला प्रश्न आज मांडतोय.

आमचे वडील पेंटर. बेळगावात, शहापुरात आणि खडेबाजारात, त्यांनी तीसेक वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवले. पत्र्याला आधी लाल ऑक्साइडचा हात, तो वाळला की पांढरा, मग खडूच्या दोऱ्याने रेषा मारायच्या आणि डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवून अक्षरं काढायची. मराठी, कानडी, इंग्रजी तिन्ही. कानडी त्यांना वाचता यायचं, बोलता जेमतेम, पण अक्षर असं की कानडी गिऱ्हाईक खास त्यांच्याकडे यायचं. फ्लेक्स आला आणि ते काम हळूहळू संपलं. आमच्या घरात "बोर्ड" म्हणजे भाकरी होती.

परवा मुलगी दहावीचा अभ्यास करत बसली होती. आज्जीने विचारलं, "बोर्डाची परीक्षा कधी गं?" तेवढ्यात लाइट गेली. मी म्हणालो, "बोर्डावरचं बटण बघ." मुलगी हसायला लागली. "बाबा, आजोबा बोर्ड रंगवायचे, माझी परीक्षा बोर्डाची, लाइटीचाही बोर्ड, कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड, कॅरमचा बोर्ड, आत्याचा मुलगा बोर्डिंगात, आणि सांबऱ्याच्या विमानतळावर बोर्डिंग पास. हा एकच शब्द आहे की सात?"

मला उत्तर देता आलं नाही. वडील असते तर त्यांना विचारलं असतं, पण आता तुम्हालाच विचारतो. हे सगळं एकाच मुळाचं आहे का? तसं असेल तर मूळ काय?

मास्तरीण_टिळकवाडी

शहापूरकर, तुमच्या मुलीला माझ्याकडून शाबासकी. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण हा प्रश्न कुठल्याच वर्गात कुणी विचारला नाही.

शब्द एकच आहे आणि मुळात त्याचा अर्थ अगदी साधा : फळी. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत "बोर्ड" म्हणजे लाकडाची चिरलेली, सपाट फळी. त्याच काळात टेबल, जहाजाची बाजू आणि ढाल यांनाही हाच शब्द होता. ढालही तेव्हा फळ्यांचीच असायची ना.

बाकीची वाट टेबलावरून जाते. त्या काळी इंग्लंडमध्ये बहुतेक घरांत कायमचं टेबल नसे. जेवायच्या वेळी दोन घोड्यांवर (म्हणजे लाकडी टेकूंवर) फळी टाकायची आणि जेवण झालं की ती उचलून भिंतीला टेकवायची. म्हणजे "बोर्ड मांडला" म्हणजेच जेवण मांडलं. हळूहळू फळी मागे पडली आणि शब्दाला जेवणाचाच अर्थ चिकटला. राहण्या-जेवणाची सोय ती बोर्डिंग. वसतिगृहाला आपण बोर्डिंग म्हणतो, पण शब्दाचा जीव खोलीत नाही, ताटात आहे.

दुसरी फांदीही त्याच टेबलाची. जेवण उरकल्यावर त्याच फळीभोवती माणसं सल्लामसलतीला बसली. त्या टेबलाला बोर्ड म्हणत, मग टेबलाभोवतीच्या माणसांनाच बोर्ड म्हणू लागले. शाळेचा बोर्ड, कंपनीचा बोर्ड हे सगळे तिथले.

आपल्याकडे "बैठक" शब्दाचं हेच झालंय. आधी बैठक म्हणजे बसायची गादी किंवा जागा, नंतर तिथे जमून केलेली चर्चा. त्यांनी मधल्या फळीवरून नाव घेतलं, आपण बसण्यावरून. "मंडळ" म्हटलं तर माणसांच्या गोलावरून.

खानापूरची_सून

बाई, तुमचं "घोड्यांवर फळी" वाचून एकदम आठवलं. आमच्या सासूबाई अजून म्हणतात, "पाटपाणी घ्या गं." आता घरात डायनिंग टेबल आहे, पाट कुणी मांडत नाही, आणि तरी पाटपाणी म्हटलं की जेवणाची वेळ झाली हे सगळ्यांना कळतं. पाट म्हणजे तरी काय, फळीच की! म्हणजे लाकडाच्या फळीवरून जेवण म्हणायची रीत आपल्याकडेपण आहे.

निपाणीकर

बोर्डिंगचा विषय निघालाच आहे तर लिहितो. आमचे आजोबा शिकायला कोल्हापूरला होते. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी एकामागून एक बोर्डिंगं निघाली. आपल्या भागातली कितीतरी पोरं त्यांच्या आधारावर शिकली. आजोबा कधी "हॉस्टेल" म्हणाले नाहीत, कायम "बोर्डिंगात होतो" म्हणायचे. आणि आठवणी सगळ्या जेवणाच्याच. पंक्तीत कोण शेजारी बसायचं, आमटी कशी असायची. मास्तरीणबाई, तुम्ही म्हणता तो ताटातला जीव आजोबांच्या बोलण्यात होता. आज कळलं.

दर्यावर्दी_जांबोटी

छान धागा. मी जांबोटीकडचा, घाट उतरला की गोवा, म्हणून समुद्राची ओढ. सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. या शब्दाची जहाजावरची बाजू मी सांगतो, कारण बोर्डिंग पास त्याच वाटेने आलाय.

जहाजाची बाजू फळ्यांचीच, म्हणून तिला बोर्ड. ती बाजू ओलांडून आत आलात की तुम्ही ऑन बोर्ड. त्याच बाजूवरून पाण्यात पडलात तर ओव्हरबोर्ड. आगगाडी आली, विमान आलं, त्यांनी जहाजाची भाषा आयती उचलली. सांबऱ्याला विमानात चढताना आपण बोलतो ती भाषा खलाशांची आहे.

जहाजावर डावी-उजवी म्हणत नाहीत. माणूस कुठे तोंड करून उभा आहे त्यावर डावं-उजवं बदलतं, जहाजाची बाजू बदलत नाही. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड केलं की उजवी बाजू स्टारबोर्ड. मी नवीन होतो तेव्हा वाटायचं, ताऱ्यांवरून नाव आलं असेल. ताऱ्यांचा काही संबंध नाही. जुन्या बोटींना मागे मधोमध सुकाणू नसायचं. उजव्या बाजूला एक मोठं वल्हं बांधलेलं असायचं आणि त्यानेच बोट वळवायची. बहुतेक माणसं उजव्या हाताची, म्हणून वल्हं उजवीकडे. वळवायच्या वल्ह्याची बाजू ती "स्टिअर-बोर्ड", तिचंच पुढे स्टारबोर्ड झालं. मोटारीचं स्टेअरिंग याच "स्टिअर"चं.

वल्हं उजवीकडे असल्याने धक्क्याला बोट लावायची ती डावी बाजू टेकवून. उजवी टेकवली तर वल्हं चेंगरणार. डावीकडून माल चढायचा-उतरायचा, म्हणून तिला लारबोर्ड म्हणायचे. आता वादळात वाऱ्याच्या आवाजात कुणी "स्टारबोर्ड" ओरडलं की "लारबोर्ड", हे ऐकणाऱ्याला कळायचं कसं? एका चुकीच्या ऐकण्यात जहाज खडकावर जाईल. म्हणून १८४४ साली ब्रिटिश नौदलाने हुकूम काढला की लारबोर्ड शब्द बंद, डाव्या बाजूला "पोर्ट" म्हणायचं. पोर्ट म्हणजे बंदर, बंदराकडची बाजू. आजही जगभर तेच चालतं. पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा.

हे मी नव्या पोरांना डेकवर उभं करून शिकवलंय. शब्द नीट ऐकू येणं ही आमच्याकडे जिवाची गोष्ट असते.

शहापूरकर

दर्यावर्दी, मुलीला वाचून दाखवलं. ती लगेच खोलीत तोंड इकडे-तिकडे करून स्टारबोर्ड-पोर्ट म्हणत बसली.

कॅम्पातला

आमच्याकडचा बोर्ड राहिला. कॅन्टोन्मेंट बोर्ड. आमचं घर कॅम्पात, त्यामुळे लहानपणापासून "बोर्डाची माणसं आली", "बोर्डाचं पाणी आलं" हेच कानावर. शहराच्या बाकी भागाला महापालिका, आम्हाला बोर्ड. हे बोर्ड १९२४ च्या कायद्याने नीट बांधले गेले, आता २००६ चा कायदा लागू आहे.

पण आपल्या भागावर पहिल्यांदा हुकूम चालवणारा बोर्ड आणखी जुना. लंडनमध्ये १७८४ साली ईस्ट इंडिया कंपनीवर लक्ष ठेवायला सरकारने "बोर्ड ऑफ कंट्रोल" नेमला. १८१८ मध्ये टॉमस मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला तेव्हा कंपनीच्या डोक्यावर हाच बोर्ड होता. सात समुद्रापलीकडे चार माणसं एका फळीभोवती बसायची आणि इथल्या शेताचा सारा ठरायचा. १८५८ ला तो बोर्ड गेला. शब्द मात्र टिकला. भारतीय क्रिकेटच्या १९२८ सालच्या संस्थेच्या नावात "बोर्ड ऑफ कंट्रोल" जसाच्या तसा आहे.

चंदगडी_माणूस

मला एक शंका. कपबोर्ड म्हणजे कपाट. "कप" आणि "कपाट" इतकं जवळ आहे, तर हा शब्द आपल्याकडून तिकडे गेला असेल का?

मास्तरीण_टिळकवाडी

चांगली शंका, पण नाही. कपबोर्ड म्हणजे आधी कप मांडायची उघडी फळी. श्रीमंत घरांत चांदीचे पेले पाहुण्यांना दिसावेत म्हणून असं टेबल ठेवत. नंतर त्याला बाजू आल्या, दारं आली, कप आत गेले. आपलं "कपाट" संस्कृतातलं, आणि तिथे कपाट म्हणजे दाराची फळी. त्याच शब्दाचं मराठीत "कवाड" झालं. म्हणजे कपाट आणि कवाड सख्खी भावंडं, कपबोर्ड नात्यात नाही. पण गंमत बघा, दोन्हीकडे वस्तूचं नाव फळीवरूनच आलंय, एकीकडे आडवी फळी, दुसरीकडे उभी.

सुतारदादा_अनगोळ

मी जास्त लिहीत नाही, पण फळीचा विषय आहे म्हणून.

आमच्या धंद्यात आता "फळी" आणि "बोर्ड" वेगळे झालेत. अखंड लाकडाची ती फळी. खानापूरकडचं सागवान चिरून आणलं, रंधा मारला, ती फळी. भुसा, चिपा किंवा पट्ट्या चिकटवून कारखान्यात केलेला तो बोर्ड. ब्लॉकबोर्ड, पार्टिकल बोर्ड. गिऱ्हाइकाने "फळी लावा" म्हटलं तर मी आधी विचारतो, लाकडाची का बोर्डाची? दरात मोठा फरक पडतो. बाई म्हणतात तसा शब्द फळीचाच असेल, पण आमच्याकडे तो फळी नसलेल्या वस्तूला राहिलाय.

लाइटीच्या बोर्डाचंही सांगतो. जुन्या घरांत तो खरा लाकडाचा असायचा, सागवानी डबी आणि वर काळी गोल बटणं. माझ्या वडिलांनी कितीतरी केल्यात. आता प्लॅस्टिकचा झाला तरी बोर्डच.

आणि गाडीतला डॅशबोर्ड. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आत बसलेल्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे फळी लावायचे, "डॅश" म्हणजे तो उडणारा चिखल. हे मला एका जुन्या टांगेवाल्याचा टांगा दुरुस्त करताना एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं.

मास्तरीण_टिळकवाडी

सुतारदादा, अगदी बरोबर सांगितलंत. घोडा गेला, चिखल गेला, फळी गेली, आणि आता संगणकाच्या पडद्यावरच्या आकड्यांनाही डॅशबोर्ड म्हणतात. "अबव्ह बोर्ड" पण तसंच, पत्त्यांच्या डावातलं. हात फळीच्या वर, सगळ्यांना दिसतील असे ठेवायचे, खाली लपवाछपवी नको. त्यावरून चोख व्यवहाराला तो शब्द लागला.

अथणीचा_कन्नड_मास्तर

नमस्कार. माझी घरची भाषा कन्नड, बायकोचं माहेर मिरजेचं, त्यामुळे मराठी घरात आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे फळीबद्दल बोलताय, म्हणून आमच्या बाजूचं सांगतो. मराठी "फळी" आणि "फळा" संस्कृत "फलक" वरून आले. कन्नडमध्ये फळीला "हलगे" म्हणतात. जुन्या कन्नडमधला शब्दाच्या सुरुवातीचा "प" पुढे "ह" झाला. दुधाला आधी "पालु" होतं, आता "हालु". तसाच फलकचा आधी "पलगे" झाला, मग "हलगे". शाळेतल्या फळ्याला आम्ही "करिहलगे" म्हणतो, काळी फळी. म्हणजे तुमची फळी आणि आमची हलगे एकाच आईच्या. आपल्या बाजूला, अथणी-चिकोडीकडे, शेवटच्या "ए"चा "ई" होतो. "मने"चं "मनी", तसं "हलगे"चं "हलगी". त्यामुळे आमच्या गावात हलगी म्हटलं की फळीही आणि जत्रेत वाजते ती हलगीही.

आणखी एक. मास्तरीणबाईंनी लिहिलं, जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे फळी, टेबल, ढाल. संस्कृत कोशात "फलक" उघडून बघा. फळी, बाक, सोंगट्यांचा पट आणि ढाल. दोन भाषा इतक्या दूर, पण माणसाच्या हातात फळी आली की तो तिच्यावर बसतो, खेळतो आणि तिच्याआड जीव वाचवतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कोश मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

शहापूरकरांच्या वडिलांसाठी एक लिहितो. मराठी अक्षरं एका शिरोरेषेला टांगलेली असतात. कन्नडमध्ये बहुतेक अक्षराच्या डोक्यावर छोटी वळणदार खूण असते, तिला "तलकट्टु" म्हणतात, तल म्हणजे डोकं, कट्टु म्हणजे बांधणं. ज्याला शिरोरेषेची सवय आहे त्याला दर अक्षराला हात उचलून तलकट्टु काढणं सोपं नाही. गिऱ्हाईक खास त्यांच्याकडे का यायचं ते मला समजलं.

खानापूरची_सून

मास्तर, तलकट्टुवरून आठवलं. आमच्या आज्जीला कुठलीच लिपी येत नव्हती. एसटी स्टँडवर बसचे बोर्ड कानडीत. आज्जी बोर्ड वाचायची नाही, ओळखायची. "दोन पोटाचं अक्षर आलं की आपली गाडी" म्हणायची. एकदासुद्धा चुकीच्या गाडीत बसली नाही.

येळ्ळूरचा_मुलगा

सगळं वाचलं, आवडलं. पण बेळगावच्या धाग्यात बोर्ड म्हटल्यावर आमच्या गावाचा बोर्ड कुणी काढला नाही म्हणून मी काढतो. येळ्ळूरच्या वेशीवरचा "महाराष्ट्र राज्य येळ्ळूर" असा मराठी फलक २०१४ च्या जुलैत पाडला गेला, त्या दिवसांत गावाने काय सोसलं ते गावाला माहीत आहे. आणि आता कर्नाटकच्या २०२४ च्या कायद्याने दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं. तुमच्यासाठी बोर्ड शब्द आहे. आमच्यासाठी पत्र्यावर लिहिलेल्या चार अक्षरांत आपण कोण ते असतं.

अथणीचा_कन्नड_मास्तर

तुमचं दुःख मी खोटं म्हणणार नाही. माझी भाषा पाटीवर नसती तर मलाही तेवढंच लागलं असतं. फक्त एक सांगतो. सरकारी कन्नडमध्ये त्या वस्तूला "नामफलक" म्हणतात. शुद्ध मराठीतही "नामफलक".

येळ्ळूरचा_मुलगा

हे खरंच माहीत नव्हतं, सर.

शहापूरकर

वडील म्हणायचे, बोर्डावर जागा तेवढीच असते, पण अक्षर कुठलंही असो, हात कापता कामा नये. येळ्ळूरच्या भावा, मला तुझं पटतं आणि मास्तरांचंही पटतं.

आता शेवटचं विचारतो. आपण सीमाभागातले, बॉर्डरवरचे. "बोर्ड" आणि "बॉर्डर" यांचा काही संबंध आहे का, की नुसता आवाज सारखा?

मास्तरीण_टिळकवाडी

मला वाटलंच होतं तुम्ही हे विचारणार. नातं आहे, पण थोडं वळणाचं.

जुन्या जर्मन कुळातल्या भाषांत दोन शब्द होते, जवळजवळ एकाच आवाजाचे. एकाचा अर्थ फळी, दुसऱ्याचा कड, काठ. इंग्रजीत ते फार आधीच एकमेकांत मिसळले. दर्यावर्दींनी सांगितलेली जहाजाची बाजू म्हणजे फळीही आणि काठही, तिथे कोण कुठला हे सांगता येत नाही. त्यातला काठाचा अर्थ घेऊन शब्द फ्रेंचमध्ये गेला, तिथे "बोर्द" म्हणजे कड. त्यापासून कपड्याच्या किनारीला शब्द झाला आणि तो फिरून इंग्रजीत आला तो बॉर्डर. म्हणजे बॉर्डर आधी कापडाची, ढालीच्या काठची, मग राज्यांची. आपल्या शहापुरी साडीच्या काठालाही आपण आता बॉर्डर म्हणतोच की. तो त्या शब्दाचा नकाशाआधीचा अर्थ आहे.

आपल्याकडे सीमेचं "शीव" झालं. गावची शीव.

अथणीचा_कन्नड_मास्तर

कन्नडमध्ये सीमेला "गडी", आणि मराठीत गडी म्हणजे खेळातला जोडीदार. नातं नाही, आवाज सारखा. माझ्या बायकोने लग्नानंतर पहिल्यांदा "गडिनाडु" ऐकलं तेव्हा तिला वाटलं, हा गड्यांचा देश.

निपाणीकर

हे फार छान आहे, मास्तर.

शहापूरकर

मंडळी, काल रात्री सुतारदादांचं लिहिलेलं परत वाचलं आणि माळ्यावर चढलो. वडिलांनी सुरुवातीला पत्र्यावर नाही, लाकडावर काम केलं होतं, हे आई सांगायची. लोणच्याच्या बरण्यांखालची फळी मी लहानपणापासून बघतोय. बॅटरी लावून खालून बघितलं तर अक्षरं! उलटी टाकून वापरलेला बोर्ड. वरची ओळ मराठी, मधली इंग्रजी, खालची कानडी. मराठी आणि इंग्रजी वाचता येते, एका किराणा दुकानाचं नाव आहे. कानडी ओळ तेलाने पुसट झालीय, दोन-तीन तलकट्टु तेवढे स्पष्ट दिसतात.

बरण्या उतरवून ठेवल्यात. सुतारदादा, तेल काढायला काय लावू? रंग जायला नको.

सुतारदादा_अनगोळ

काही लावू नका. कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि तसाच सावलीत ठेवा. रविवारी मी येतो.

अथणीचा_कन्नड_मास्तर

फोटो टाका. खालची ओळ मी वाचतो.